नवरदेव उतरेपर्यंत

वस्ताद,

तुमचा खोकला कसा आहे? तिकडची हवा कोरडी असली तर बरं, इकडे तर शेवटच्या दिवसांत बोलता बोलता तुम्ही भिंत धरायचात. काकूंच्या डोळ्यांचं पाणी थांबलं का? फुंकणी फुंकून फुंकून त्यांचे डोळे कायम लालबुंद असायचे. तिकडे चूल नसेल तर डोळे निवले असतील, पण मग तुम्हाला भाकरी कोण करून घालतं? तुमच्यामागे उभा राहून सूर धरणारा तुमचा मेहुणा, ज्याला ऐन मांडवात पोटात वारं धरायचं, त्याचं पोट ताळ्यावर आलं का? आपली ती पांढरी घोडी, सनई ऐकल्याशिवाय पाऊल न उचलणारी, तिच्या पुठ्ठ्यावरची जखम भरली का? माझी मंडळीही आता तुमच्याकडेच आली आहे. भेटलीच असेल, तिच्या गुडघ्यांची चौकशी माझ्या वतीनं करा. इथून निघाली तेव्हा उठताना फार कण्हत होती.

इकडे मी बरा आहे. रक्तदाबाची गोळी सुरू आहे. पोरगा टेम्पो चालवतो, त्याचं ठीक चाललंय. थोरल्या सुनेचं मनगट सुजलंय, पण हाड शाबूत आहे. तिच्या कानामागे टाके पडलेत, तेही वाळत आले. ते कशानं झालं हेच लिहायला बसलोय. वस्ताद, मागच्या आठवड्यात भर वरातीत, नवरदेव घोड्यावर असताना, मी सनई तोंडातून काढली. तुमचा नियम मोडला. ज्या नियमापायी माझे पुढचे दात गेले तोच.

अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घ्या. तुम्ही होतात तोवर मला लिहिता-वाचता येत नव्हतं. नंतर लग्नपत्रिकांवरून शिकलो. दर लग्नाची एक पत्रिका मिळायची, ती घरी आणून बोट ठेवून ठेवून वाचायची. गणपतीपासून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' इथपर्यंत. त्यामुळे अजूनही कुणाचं नाव लिहायचं म्हटलं की हात आपोआप आधी 'चिरंजीव' लिहायला जातो. आज कुणाचंच नाव लिहीत नाही.

मी मेंढरांमागच्या घरातला. आमच्यात पावा वाजवणं वेगळं आणि लग्नात सनई वाजवून पोट भरणं वेगळं. तुमच्या दारात येऊन बसलो म्हणून बापानं मला काठीनं झोडपत घरापर्यंत नेलं होतं. दुसऱ्या दिवशी परत आलो. तुम्ही काही विचारलं नाही, पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून हातात दिलात, समोर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवलात आणि म्हणालात, "फुंक. बुडबुडं थांबू द्यायचं न्हाई." नाकानं श्वास घ्यायचा, गालात साठवायचा, तोंडानं सोडत राहायचं. ऐकायला सोपं. बुडबुडे थांबले की पिंढरीवर निंबाची शिमटी. माझ्या पिंढऱ्या कैरीच्या फोडींसारख्या फुटायच्या. बापाच्या काठीत आणि तुमच्या शिमटीत फरक एवढाच होता की बाप राग संपेपर्यंत मारायचा आणि तुम्ही दम टिकेपर्यंत.

काकू आतून बघत असायच्या. एकदा तव्यावरची भाकरी तशीच करपत ठेवून बाहेर आल्या, तुमच्या हातातली शिमटी ओढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. "लेकराच्या पिंढऱ्या हायत का हलगी हाय तुमची?" म्हणाल्या. मला आत नेऊन चुलीपाशी बसवलं, तेल-हळद चोळली आणि ती करपलेली भाकरी मलाच वाढली. "गप खा. वस्तादाला शिमटीबिगर शिकवता येत न्हाई, आन् तुला भाकरीबिगर शिकता येत न्हाई." तुम्ही दारात उभे राहून हसत होता. मग म्हणालात, "निंबाचं झाड मोप मोठं हाय." काकूंनी फुंकणी फेकून मारली तुम्हाला. खांद्यावर लागली होती, आठवतं का? ती मेंढरं सोडून मी तुमच्या घरचा झालो तो त्याच दिवशी.

नियम तुम्ही मला तेव्हाच सांगून टाकले होते. लग्नघरच्या माणसानं तळहातावर सुपारी ठेवली आणि आपण मूठ मिटली की त्या दिवसापुरते आपण त्या घरचे. मग दुसरं कुणी सोन्याची सुपारी आणली तरी हात उघडायचा नाही. आणि नवरदेव घोड्यावर चढला की तो खाली उतरेपर्यंत सनई तोंडातून काढायची नाही. पाऊस येवो, विजा पडोत, शिंक येवो. सनई थांबली की वरात थांबली, आणि वाटेत थांबलेली वरात म्हणजे अपशकुन. आपल्या जिल्ह्यात कुठंही जा, पाणी विचारायच्या आधी लोक विचारतात, "तुमी कुणाचे?" म्हणजे कुठल्या पुढाऱ्याचे, कुठल्या गटाचे. तुमचं उत्तर मला पाठ होतं. "ज्याच्या घोड्यावर नवरदेव त्याचे. उतरला की आमचे आमी."

आता त्या दिवसाचं लिहितो. तुम्हाला ठाऊक आहे सगळं, पण तुम्ही कधी त्यावर बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही.

सिंदफणेच्या काठचं गाव. उन्हं कलली आहेत. वरात एका गटाची, आणि रस्ता जातो दुसऱ्या गटाच्या माडीसमोरून. तुम्ही पुढे, मी तुमच्या डाव्या हाताला, मेहुणा मागे, दोन्ही बाजूंना हलग्या. माडीसमोर माणसं आडवी उभी आहेत. "आमच्या दारात वाजवायचं न्हाई. बंद करा, आन् मुकाट्यानं पुढं जा." आपले वऱ्हाडी म्हणतात, "इथंच अर्धा घंटा वाजवायचं. बगू कोण बंद करतंय." पहिला दगड कुठून आला ते दिसलं नाही. पहिली हलगी फुटल्याचा आवाज मात्र ऐकू आला, ओल्या फडक्यासारखा. मग काठ्या. मेहुणा पोट धरून खाली बसलाय आणि कुणीतरी त्याच्या पाठीवर लाथा घालतंय. घोडीच्या पुठ्ठ्यात कुणी कोयता मारलाय, ती नुसती ओरडतेय, पण सनई चालू आहे म्हणून पुढेच पाय टाकतेय. नवरदेवाच्या मुंडावळ्या तुटून गळ्यात आल्यात. तुमच्या खांद्यावर काठी बसते. तुमचा सूर हलतो, पण तुटत नाही. मी तुमच्याकडे बघतो. तोंडात सनई, म्हणून डोळ्यांनीच विचारतो, काढू का? तुम्ही माझ्याकडे बघता. डोळे मोठे करता. मान हलवता की न हलवता, इतकंच. मला वाटतं, तुम्ही म्हणताय, काढू नको.

समोर माडीवाल्याचा पुतण्या. माझ्याच वयाचा, मिसरूड नुकतंच भरलेलं. त्यानं काठी उगारलेली आहे आणि तो माझ्याकडे बघतोय. थांबल्यासारखा. मी वाजवत राहतो.

काठी माझ्यावर नाही बसली, सनईवर बसली. सनईच्या टोकाचं ते फुलपात्राएवढं पितळी तोंड मागे रेटलं गेलं आणि सगळी सनई माझ्या तोंडात घुसली. ओठांत धरायची पत्ती जिच्यावर बसते ती पितळेची नळी टाळूपर्यंत. दात कसे गेले ते कळलं नाही, जिभेवर खडे आले एवढं कळलं. रक्त सनईतून खाली आलं आणि वस्ताद, मी तेव्हाही फुंकतच होतो. रक्ताचे बुडबुडे निघत होते. नाकानं श्वास, गालात साठवण, तोंडानं सोड. थांबू द्यायचं न्हाई.

तुम्ही मला बैलगाडीत घालून घरी आणलंत. काकूंनी मिठाच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि तुमच्या नावानं बोटं मोडली. माझ्यादेखत तुमच्या तोंडावर म्हणाल्या, "तुमच्या सनईच्या मढ्यावर माती घाला." तुम्ही ओट्यावर बसून होता. दुखऱ्या हातानं माझी सनई पुसत होता, चिंधी आत घालून, रक्त निघेपर्यंत. जखम भरल्यावर पहिल्यांदा फुंकलं तर नुसती हवा गेली. मी सनई भिंतीवर आपटली. तुम्ही शिमटी उचलली नाही. ओठ आत दुमडून, हिरडीवर बसवून पत्ती कशी धरायची हे तुम्ही आधी स्वतः करून बघितलंत, तोंडात दात असताना बिनदाताचं वाजवून, म्हाताऱ्यासारखे गाल बसवून. काकूंना हसू आवरलं नव्हतं. पाण्याचा तांब्या पुन्हा आला, पपईचा देठ पुन्हा आला. सूर लागला त्या दिवशी तुम्ही तुमची शिसवी सनई माझ्या मांडीवर ठेवलीत आणि उठून गेलात. पुढच्या उन्हाळ्यात खोकल्यानं तुम्हाला नेलं.

त्यानंतरचं सगळं मी त्या सनईवर काढलं. माजलगावच्या एका बँडवाल्यानं बोलावलं होतं. लाल कोट, टोपी, महिन्याचं बांधून. पाठीवर त्याचं नाव शिवायचं होतं. गेलो नाही. एका पुढाऱ्यानं दारातच ठेवून घेतो म्हटलं, रोज सकाळी वाजवायचं आणि तो गाडीतून उतरला की वाजवायचं. म्हटलं, घोड्यावरून उतरणाऱ्यासाठी वाजवतो, गाडीतून उतरणाऱ्यासाठी नाही. ते त्याला झोंबलं. निवडणूक जिंकल्यावर मिरवणुकीला बोलावलं, तेही नाकारलं, तर जीप आली. पोरांनी माझ्या साथीदाराची हलगी माझ्यासमोर चाकूनं उभी फाडली, मला उसाच्या फडात नेऊन तुडवलं. बरगडी मोडली तेव्हाही दोन्ही हात तोंडावर होते. बाकी काय मोडायचं ते मोडा, तोंड नको. त्यातला एकजण हसून म्हणाला, "तोंडात हाय काय बे तुझ्या राखायला?" दात नव्हतेच ना.

असंच चालवलं, वस्ताद. पत्त्या स्वतः घडवल्या. ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की लग्नं उसळतात, तेवढ्या दिवसांत वर्षाची बेगमी करायची. पावसाळ्यात मेंढरांची लोकर कातरली, लोकांच्या विहिरी उपसल्या, पण रोज पहाटे सूर चुकवला नाही. लग्नघरी दारू घेतली नाही, पंगत उठेपर्यंत जेवलो नाही. एका घरी चांगलं वाजलं की तिथला पाहुणा दुसऱ्या घरी नेतो, दुसरी जाहिरात आपल्याला नाही. मग डीजे आला. छाती फुटेल असा आवाज. वाटलं, संपलं आता. तेव्हा थोरली सून उभी राहिली.

ती दिंद्रुडची. लग्न होऊन आली तेव्हा पदर तोंडात धरून बोलायची. मी कवळी खिशात टाकून पहाटे वाजवायला बसलो की ही भिंतीआड उभी राहायची. एक दिवस म्हणाली, "मामा, मला शिकवताव का?" माझी मंडळी म्हणाली, "बाईनं वरातीत वाजवायचं? लोक शेण घालतील तोंडात." सून म्हणाली, "शेण घालायला तोंड रिकामं कुटं असतंय, सनई असती की." मी पपईचा देठ आणला. शिमटी आणली नाही. तरी ती माझ्यापेक्षा लवकर शिकली, हे तुम्हाला आवडणार नाही पण खरं आहे. तिचा दम लांब आहे आणि सूर तुमच्यासारखा, थोडा घोगरा. गोधड्या टांगून ती खोलीत रेकॉर्डिंग करते, फोनवर टाकते, आणि पुण्याचे लोक ऐकतात. आता सुपारी तिच्या फोनवर येते. तरी तळहातावर खरी सुपारी ठेवल्याशिवाय मी हो म्हणू देत नाही.

तर या लग्नसराईत एक गाडी दारात थांबली. काठी टेकत एक म्हातारा उतरला. गुडघे गेलेले, पांढरं धोतर. मी ओट्यावर होतो.

"वळखलं का?" म्हणाला.

"वळखायला काय झालं? रोज जेवताना तुमची आठवण येती," मी म्हणालो आणि कवळी काढून हातात धरली.

तो माडीवाल्याचा पुतण्या. हसला नाही. खाली बसला. "नातीचं लगीन हाय. डीजे ठरलाय पोरांच्या हौसेसाठी. पण वरात माझ्या दारात यील तवा सनई पायजे. दुसरा कुणी नको." आणि सुपारी पुढे केली.

सून दारातून म्हणाली, "मामा, घिऊ नका. दात पाडणाऱ्याच्या दारात का म्हून जायचं?" मी तिला म्हटलं, "बाई, घर बघून सुपारी घेतली असती तर या जिल्ह्यात आपण उपाशी मेलो असतो." मूठ मिटली. खरं सांगू का, मला त्याच्या दारात वाजवायचं होतं. त्या माडीसमोर, त्याच जागी, तोंड भरून. त्यानं ऐकावं म्हणून.

त्याच रस्त्यानं वरात निघाली. मी आणि सून पुढे, हलग्या दोन्ही बाजूंना, मागे डीजेची गाडी. माडीजवळ आल्यावर ठरल्याप्रमाणे डीजे बंद झाला आणि आपली सनई चालू झाली. नवरदेवाचे दोस्त पिऊन तर्र. "ए म्हाताऱ्या, बंद कर ते रडगाणं! डीजे लाव बे!" मुलीकडचे म्हणाले, "आमच्या दारात सनईच वाजंल." झालं. एकानं दुसऱ्याची गचांडी धरली, कुणी खुर्ची मारली, कुणाच्या हातात मांडवाचा लोखंडी पाइप आला. हलगीवाल्याच्या कपाळातून रक्ताची धार लागली. बाया ओरडत आत पळाल्या. मी वाजवतोय. सून वाजवतेय. एक दांडगा पोरगा तिच्यासमोर आला, "बाईमाणूस होऊन मिरवायलीस व्हय गं?" म्हणत तिचं मनगट पिरगाळलं, कडं घातलेला हात कानामागे हाणला. ती हलली, पण सूर तुटू दिला नाही. मग त्यानं पाइप उचलला. नेमका सनईसमोर.

तिनं माझ्याकडे बघितलं. तोंडात सनई, कानामागून रक्त, आणि डोळ्यांत तेच. मामा, काढू का?

वस्ताद, तेव्हा मला तुमचे डोळे दिसले. मोठे केलेले. आणि पहिल्यांदा शंका आली, की तुम्ही काढू नको म्हणत होता की काढ, पळ म्हणत होता? तुमच्याही तोंडात सनईच होती की. तुम्ही दुसरं कसं सांगणार होता?

मी सनई तोंडातून काढली. "काढ!" म्हणून ओरडलो, एवढा की घसा फाटला. आणि ती शिसवी सनई दोन्ही हातांत कुदळीसारखी धरून पोराच्या हातावर हाणली. पाइप पडला. पोरगा गुडघ्यावर आला. सून सनई छातीशी धरून माझ्यामागे आली. नवरदेव घोड्यावरच होता. वरात थांबली होती. वीज पडली नाही.

भांडण थांबलं ते पोलिसांची गाडी आल्यावर. त्या पोराला आणि आमच्या हलगीवाल्याला एकाच टेम्पोत दवाखान्यात नेलं, माझ्याच पोराच्या. लग्न उरकलं. तो म्हातारा तेवढा वेळ दारात खुर्चीवर बसून होता. मी सामान गोळा करताना त्यानं जवळ बोलावलं. माझ्या हातातल्या सनईकडे बोट केलं.

"आज काढलीस की तोंडातून," म्हणाला.

"काढली."

"तवा का म्हून न्हाई काढलीस?" त्यानं काठी जमिनीवर आपटली. "मी नुसती उगारली होती बे. भ्या दाखवायला. वाटलं, आता काढील, मग काढील. समदं गाव बगत होतं. उगारलेली काठी तशीच खाली कशी आणू? तू काढली असतीस तर म्या मारलं नसतं."

सून माझा दंड धरून उभी होती. तिनंच उत्तर दिलं, "आजोबा, उगारली न्हाई तर खाली आणावी लागत न्हाई." आणि मला घेऊन निघाली.

घरी आल्यापासून तुमची सनई ओट्यावर आहे. पितळी तोंड चेमटलंय, शिसव वरपासून खालपर्यंत चिरलंय. फुंकली तर नुसती हवा जाते. सगळ्यांना सांगितलंय की त्या पाइपानं फुटली. पाइपानं नाही फुटली. पहिला टोला हातावर बसला तेव्हा ती धड होती. पोरगा गुडघ्यावर बसला, हात वर केले, तरी मी आणखी एक हाणला, खांद्यात. त्या टोल्यात फुटली. तो टोला त्या पोरासाठी नव्हता, एवढं तुम्हालाच सांगतो.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही. सनईच्या गलेफात घालून ठेवतो, चिरलेल्या बाजूला. तरीपण उत्तर लवकर लिहा. तुमच्या डोळ्यांनी त्या दिवशी काय म्हटलं होतं, तेवढंच लिहा, एका शब्दात चालेल. सून रोज विचारते, "मामा, आता आपला नियम काय?" मनगटाची सूज उतरली की ती चकलांब्याच्या लग्नात वाजवणार आहे. सुपारी घेतलेली आहे. त्याच्या आत उत्तर आलं तर बरं होईल.